हाकेला ओ

तळ्यापलीकडचा कडा हॉटेलच्या पार्किंगसाठी सुरुंग लावून उडवला आणि नावाड्याच्या पोटावरच पाय आला. पर्यटक त्याच्या होडीत बसायचे ते प्रतिध्वनीसाठी. तळ्याच्या मध्यावर जाऊन वल्ही उचलून धरायची, मग पर्यटकांनी हाक मारायची आणि कड्यानं ती परत द्यायची. आता कडाच नाही म्हटल्यावर हाकेला ओ कोण देणार? शेवटी त्यानं मेहुण्याला पलीकडच्या झुडपांत नेऊन बसवलं. बेट्याचा आवाज खणखणीत. होडीतून येईल ती हाक जशीच्या तशी परत फेकायची, एवढंच काम. आठवडाभर धंदा झकास चालला, कुणाला पत्ता लागला नाही.

आज तर मेहुण्यानं कमालच केली. एका चिमुरडीनं "आजीऽऽ" अशी हाक मारली, तर परत आलेली हाक हुबेहूब तिच्याच आवाजात! होडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी पर्यटकांना उतरवून नावाडी होडी बांधत होता, तर मेहुणा धक्क्यावर उभा. गळ्याला मफलर.

"शाब्बास रे पठ्ठ्या! त्या पोरीचा आवाज काय काढलास!"

"भाऊजी, रागावू नका," मेहुणा कसाबसा कुजबुजला. "घसा पार बसलाय. सकाळपासून दवाखान्यात होतो. आज मी तिकडे गेलोच नाही."

नावाड्याचा हात दोरावरच थांबला.

"गेलोच नाही," पलीकडच्या मोकळ्या पार्किंगवरून तीच कुजबुज परत आली.