चुकली नाय

दोरीवर वाळत घातलेलं केशरी जाकीट.

ओट्यावर अर्धा भरलेला डबा.

दारातली दिवाळीची रांगोळी, तिच्यावरून गेलेला रिक्षाच्या चाकाचा पट्टा.

मोरीत पडलेली मोनाली.

करंजाड्याहून पनवेलच्या दवाखान्यात येईपर्यंत ती सासऱ्याच्या, काशिरामच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. नवरा प्रितम मच्छीच्या बोटीवर. त्याचा फोन लागत नव्हता.

"पोटात कळ आली बोल्ली, आनि धाडकन पडली," काशिराम म्हणाला. "वाचंल ना?"

डॉक्टर चारुतांनी नाडी पाहिली, पोट दाबलं. मोनाली किंचाळली आणि पुन्हा डोळे मिटून कण्हू लागली.

"गर्भ नळीत राहून नळी फुटली की असंच होतं," त्या सिस्टर सुनंदाला हळूच म्हणाल्या. "आत रक्त साचत जातं. मग ऑपरेशनच, तेही लगेच." मग काशिरामकडे वळल्या. "बाबा, हिची पाळी चुकली होती का?"

काशिराम दुखावल्यासारखा ताठ झाला. "पाळी? एक पन चुकली नाय. कालच तर होती."

"काल? खूप त्रास होतो का तिला?"

"व्हतो. कंबर धरून बसते. पन सांगनार नाय कोनाला."

डॉक्टरांचा चेहरा सैलावला. "मग त्याचंच दुखणं असेल. अशक्तपणाही दिसतोय. इंजेक्शन देते. सलाईन संपलं की घरी न्या."

काशिरामने हात जोडले. मोनालीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"ऐकलंस पोरी? काय नाय झालं. म्हाताऱ्याला भ्या दाखवतेस व्हय?"

मोनालीचे ओठ पांढरे पडले होते.

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेल्या. सुनंदा सलाईन लावत होती. काशिरामला एकदम काहीतरी आठवलं. त्याने खिशातून फोन काढला.

"सायेब, काशिराम बोलतो, मोनालीचा सासरा. आज ती बंदरावर कामाला येनार नाय. हां, दुपारची पाळी चुकंल तिची. पयल्यांदाच."

सुनंदाचा हात थांबला.

"बाबा, काल कुठली पाळी होती म्हणालात?"

"दुपारचीच. हा हप्ता दुपारची हाय."

"मॅडम!" सुनंदा ओरडत धावली.

मोनाली शेवटची बाजूला बसली होती, ती गौरीजेवणाच्या दिवशी.