फरशीचा उतार

ओटा साठ सेंटिमीटर रुंद, ऐंशी उंच, काळ्या ग्रॅनाइटचा. मापं चोख होती. फक्त वर नळ नव्हता आणि खाली मोरी नव्हती. निवेदिताने टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला. चारही मजल्यांवर असेच ओटे होते.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरच्या जागेवर परवानगी फक्त राहत्या घराची. म्हणून तिच्या भावाने, भार्गवने, नकाशात आठ फ्लॅट काढले होते. बेडरूमच्या भिंती प्लायच्या. बोटाने वाजवलं की रिकाम्या डब्यासारख्या वाजायच्या. कोपऱ्यात लिफ्ट, तिचं दार दोन मीटर रुंद. एवढं दार माणसांना लागत नाही, गठ्ठ्यांना लागतं. आणि ज्यांचे गठ्ठे येणार होते ते पंडरी बाजारातले कापडवाले हिरालाल सेठ पाहुणे म्हणून पेढ्यांचा डबा धरून उभे होते.

घराचा मजला चौरस मीटरला दोनशे किलो पेलेल अशा बेताने बांधतात. कापडाच्या थप्प्या त्याच्या चौपट भरतात. इंजिनिअर बहिणीने हे भावाला दोनदा लिहून दिलं होतं. त्याला मात्र तिची सही तेवढी हवी होती, ‘राहण्यास योग्य’ या दाखल्यावर. तो कागद चार महिने तिच्या पर्समध्ये घडी होऊन पडला होता.

“काहून एवढं मोजून राहिली तू?” भार्गव हसला. “बहीण आहेस का नगर निगमवाली?”

“दीदी, एक साइन की ही तो बात है,” हिरालाल म्हणाले.

“इथे राहणार कोण, दादा?”

“आई राहणार ना! खाली खास खोली काढली तिच्यासाठी.”

चार मजल्यांना एक रहिवासी. तीही सगळ्या गठ्ठ्यांच्या खाली. आपल्या हुशारीवर भार्गव इतका खूश होता, की निवेदिताला त्याच्याकडे पाहवेना.

निगमाच्या अधिकाऱ्याला दाखवायला गृहप्रवेशाचे फोटो हवे होते. पहिल्या मजल्यावरच्या ओट्यावर शेगडी ठेवली. आईने, सरोजिनीबाईंनी, नव्या साडीचा पदर खोचून दूध चढवलं. भार्गवने मोबाइल धरला. दूध फुगलं, उतू गेलं, ओट्यावरून फरशीवर आलं.

“शुभ हुआ, माताजी!” हिरालाल म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

सरोजिनीबाई फडकं घेऊन वाकल्या आणि तशाच थांबल्या. “काय रे भार्गव, पाणी टाकून धुतलं तर जाईल कुठं? मोरी दिसून नाही राहिली मले.”

“होईल ना आई, नंतर.”

“घर झालं, दूध उतू गेलं, आन् मोरी नंतर?”

दूध थांबलं नाही. घरात फरशीचा उतार मोरीकडे काढतात. इथे तो ढकलगाडीच्या सोयीने लिफ्टकडे काढला होता. पांढरी धार प्लायच्या बेडरूमला वळसा घालून थेट लिफ्टपाशी गेली आणि दाराच्या फटीतून खाली ठिबकू लागली. खाली लिफ्टला लागूनच आईची खोली होती.

“मुहूर्त आहे, आत्ताच करून टाक,” भार्गवने पेन पुढे केलं.

निवेदिताने कागद काढला, घडी उलगडली, आणि वाकून तो सावकाश फरशीवरच्या दुधावर ठेवला. कागद भिजून चिंब झाला.

“हे गोदाम आहे, दादा. उद्या निगमात तसंच लिहून देते. आई, चल, तू माझ्याकडे राहशील.”