वीसपर्यंत

व्हर्नाने कर्लिंग क्लबच्या दारावर पाटी ठोकली आणि ओरेस्टच्या आठवडाभराच्या बेतावर पाणी पडलं. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: हात मिळवणे बंद, हात धुणे सक्तीचे.

“सामन्याआधीही नाही?” ओरेस्टने विचारलं.

“आधीही नाही, नंतरही नाही. झाडूला झाडू टेकवा आणि खेळा. शेवटची उलटी कधी झाली तुला?”

“मंगळवारी.”

“आज शनिवार. चल, हो आत.”

व्हर्ना तीस वर्षं नर्स होती. जानेवारीत उलट्या-जुलाबांची साथ सस्कॅचेवानच्या त्या चिमुकल्या गावात शिरली आणि निवृत्त व्हर्नाला जणू पुन्हा नोकरी लागली. शाळा अर्धी रिकामी, चर्चचं जेवण रद्द, घरोघर पलंगाशेजारी बादल्या. क्लबातल्या हाताला चोळायच्या जेलच्या बाटल्या तिने कपाटात कोंबल्या, कारण हा विषाणू त्या जेलला भीक घालत नाही, साबण-पाण्यानेच जातो. दारांच्या मुठी ती ब्लीचच्या पाण्याने पुसत होती. ज्याची उलटी थांबून दोन दिवस झाले नाहीत त्याला आत प्रवेश नव्हता. सूप फक्त तिनेच वाढायचं आणि पावाच्या टोपलीत कुणी हात घालायचा नाही, असाही हुकूम निघाला होता. लोक कुरकुरत होते आणि मुकाट्याने ऐकत होते. पोट सगळ्यांनाच प्यारं होतं.

ओरेस्टचं दुखणं मात्र वेगळं होतं. बर्फावरून जड दगड सरकवायच्या या खेळात सामन्याआधी समोरच्याशी हात मिळवावाच लागतो, त्याला नाही म्हणायची सोय नसते. आणि यंदा अंतिम सामन्यात समोर तारास होता. त्याचा धाकटा, सख्खा भाऊ. नऊ वर्षं त्याच्याशी बोलणं नव्हतं.

तेव्हा दोघं एकाच संघात होते. असाच अंतिम सामना, शेवटचा दगड. दगडापुढे झाडूने बर्फ घासत तारास धावत होता आणि त्याचा झाडू दगडाला निसटता लागला. निदान ओरेस्टला तसं दिसलं. या खेळात पंचाची वाट बघत नाहीत. ज्याची चूक त्याने स्वतःहून सांगायची, हीच इथली अब्रू. तारास काही बोलेना, म्हणून ओरेस्टनेच साऱ्या गावासमोर सांगितलं. दगड बाद झाला, सामना गेला. झाडू लागलाच नव्हता, असं तारास ओरडून म्हणाला आणि त्यानंतर त्याने संघ बदलला, चर्चमधलं बाकडं बदललं, पेट्रोल भरायचा पंपसुद्धा बदलला.

ओरेस्टला त्याची फार आठवण यायची. अडुसष्टाव्या वर्षी कुणाला नवा भाऊ मिळत नाही, हे त्याला कळत होतं. पण पहिला शब्द काढायला जीभ रेटत नव्हती. एकदा नुसता हात हातात आला असता तरी पुढचं जमलं असतं, असं त्याला आठवडाभर वाटत होतं. आता तेही गेलं.

झाडूला झाडू टेकला. तारासची नजर बर्फावर. दोन तास खेळून तारासचा संघ एका गुणाने जिंकला. पुन्हा झाडूला झाडू, पुन्हा नजर बर्फावर. संपलं, ओरेस्टने मनाशी म्हटलं.

जेवणाआधी व्हर्ना हात धुवायच्या नळांपाशी पहारा देत उभी होती. नळ दोन, मागे रांग. ती मोठ्याने आकडे मोजायची आणि वीस झाल्याखेरीज कुणाला हलू द्यायची नाही. ओरेस्टने हाताला साबण लावला आणि पाहिलं, तर शेजारच्या नळावर तारास. त्या शांततेचं काय करावं ते कळेना, म्हणून ओरेस्टने व्हर्नाची खोडी काढली. सोमवारी तो बादली कवटाळून पडला असताना कुणीतरी बाहेरच्या दाराच्या आत खारी बिस्किटं आणि जिंजर एलची, म्हणजे आल्याच्या सोड्याची, बाटली ठेवून, घंटी वाजवून गेलं होतं. बाटली आधीच उघडलेली होती. फसफस सगळी गेलेली.

“पुढच्या वेळी ताजी बाटली आण गं,” तो म्हणाला. “आजाऱ्याच्या माथी शिळं मारतेस.”

“मी?” व्हर्ना म्हणाली. “सोमवारी मीच आडवी होते. पाच... सहा...”

“शिळी नव्हती ती,” तारास नळाकडे बघत म्हणाला. “अर्धा तास काट्याने ढवळून फसफस काढली होती. आई काढायची तशी.”

ओरेस्टचे हात थांबले. लहानपणी दोघांची पोटं बिघडली की आई एक पाय दुमडून खुर्चीवर बसायची आणि ग्लासात काटा फिरवत राहायची. हे त्याला सोमवारी कसं सुचलं नाही? त्याने साबणाने माखलेला उजवा हात शेजारी नेला.

तारासने तो धरला.

व्हर्नाची मोजणी थांबली. तिने आधी त्या दोन फेसाळ हातांकडे पाहिलं, मग दाराच्या दिशेने, आपल्या पाटीकडे.

“साबण आहे, म्हणून चालवून घेते,” ती म्हणाली. “पण आता वीसपर्यंत सोडायचा नाही. सात... आठ...”

मागे रांग खोळंबली. कुणीतरी सूप गार होतंय म्हणून ओरडलं. दोघंही खाली बघत होते, फेस मनगटांवरून ओघळत होता. पंधरा झाले, सोळा झाले. अठराला तारासने पकड घट्ट केली.

“ओरेस्ट,” तो हळूच म्हणाला, “झाडू लागला होता.”