उसनं थोपटणं

वसुमतीबाईंनी नातवाला मांडीवर घेतलं आणि थोपटायला सुरुवात केली. दोनदा भरभर, मग एकदा सावकाश. हा ताल त्यांनी महिनाभर उशीवर घोटला होता.

लेक निशिगंधा समोर दुपट्यांच्या घड्या घालत होती. दोन वर्षांपूर्वी ती अशी निवांत बसलीच नसती. कुणी फोन उचलायला उशीर केला की तिचा जीव कासावीस व्हायचा, आणि माणूस जवळ आलं की ती त्यालाच तोडून टाकायची. पहिला संसार तिने असाच मोडला. मनगटांवर व्रण राहिले.

मग डॉक्टरांनी तिच्या मेंदूत तान्हेपणाची नवी आठवण रुजवली. बाळ रडलं की उचलून थोपटणारे हात. हात दवाखान्यातल्या एका परिचारिकेचे होते. काय रुजवलं ते पेशंटला कधीच सांगायचं नाही, अशी अट होती. त्या कागदावर सही वसुमतीबाईंची होती.

खरं तान्हेपण आता त्यांच्या एकट्यांकडे उरलं होतं. पाळण्यात निशिगंधा रडून रडून निळी पडायची आणि वसुमतीबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. हात उचललेच जायचे नाहीत.

बरी झालेली निशिगंधा बाळाला ज्या तालात थोपटायची, तो वसुमतीबाईंनी तिच्याकडे बघूनच शिकून घेतला.

"आई, मलाही तू असंच थोपटायचीस ना गं?"

"हो, असंच."

पूर्वीच्या निशिगंधाने हे खोटं चेहऱ्यावरून तिथल्या तिथे पकडलं असतं. आज ती हसली आणि तिने पुढचं दुपटं उचललं.