ल्हामोचा जबाब

"कार्ड कोणी बनवून देल्लं?" जमादार नुजहत मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं.

"म्याच बनवलं," ल्हामो म्हणाली.

पोलीस ठाण्यातल्या टेबलावर तिचं मतदार ओळखपत्र पडलं होतं. फोटो तिचा, पत्ता कळंबजवळच्या तांड्यातल्या हरिसिंगच्या घराचा. शेजारी तिचं नोंदणीचं पुस्तक होतं. तिबेटी निर्वासितांना सरकार देतं ते. दर काही वर्षांनी त्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि आपण अजून पाहुणेच आहोत, हे मान्य करायचं. पुस्तक आहे तोवर राहता येतं, स्वेटर विकता येतात. ते गेलं की ही बाई कुठल्याच देशाची नाही.

खरं तर ल्हामोनं तिबेट कधी पाहिलाच नव्हता. तिचा जन्म गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतला. थोरला भाऊ पंच्याऐंशी सालचा, ती नव्वदची. सत्त्याऐंशीच्या जुलैआधी इथं जन्मला तो भारतीय, असं कायदा म्हणतो. म्हणून एकाच आईच्या पोटची दोन लेकरं, एक भारतीय, दुसरं निर्वासित. कायद्याला तारीख लागते. आईचं काय, कळा आल्या की बाळंत व्हायचं.

चौदा हिवाळे ती स्वेटरांची गाठोडी घेऊन तांड्यात येत होती. उतरायची हरिसिंगच्या घरी. त्याच्या बायकोनं, जमनीनं, तिला बाहेरची खोली कायमची देऊन टाकली होती. भाऊबीजेला हरिसिंग तिच्याकडून ओवाळून घ्यायचा आणि ती त्याला बंजारा बोलीत 'भिया' म्हणायची, म्हणजे भाऊ. तांड्याच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. आपला तो गोर, परका तो कोर. "तू आमच्यासाठी कोर नाही, गोरच हायेस," असं तो चारचौघांत म्हणायचा. ल्हामोला ते फार आवडायचं.

चार वर्षांपूर्वी, ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असताना, त्यानंच तिला गळ घातली. "कार्ड काढून देतो तुले. किती दिवस पाहुणी राहशीन?" एक मत वाढेल हा हिशेब त्यात नव्हता असं नाही, पण मायाही खोटी नव्हती. ती घाबरून नको म्हणाली. तो रुसला, दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. शेवटी तिनं फोटो दिला. कार्ड आलं त्या दिवशी जमनीनं शिरा केला. मत द्यायला मात्र ल्हामोचा पाय काही उचलला नाही. कार्ड तिनं पेटीच्या तळाशी ठेवून दिलं ते दिलंच.

यंदा नवा कायदा आला. परदेशी माणसाची माहिती लपवली तर घरमालकही अडकतो, असं तांड्यात जो तो बोलू लागला. हरिसिंग गप्प गप्प राहायचा. काल दुपारी पोलीस आले, ते थेट तिच्या पेटीपाशीच गेले.

"पाहा बाई," मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या, "कोणी काढून देल्लं असन त नाव सांगा. त्याच्या सांगण्यावरून झालं, असं लिहितो मी. तुमचं पुस्तक टिकन कदाचित. एकटीनं केलं म्हणसान त तुम्हीच फसान."

ल्हामोनं खिडकीतून पाहिलं. बाहेर बाकावर हरिसिंग बसला होता. कापूस वेचणीचे दिवस, घरी माणूस पुरत नाही, तरी हा सकाळपासून बसून होता. जामीन राहायला आला असणार. तिचे डोळे भरून आले. बबिताचं, त्याच्या लेकीचं, लग्न महिन्यावर आलेलं. अशा वेळी त्याला कोर्टाची पायरी कशाला दाखवायची?

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "म्या एकटीनं केलं. घरमालकाले काहीच माहीत नव्हतं. त्याचा पत्ता म्या न विचारता टाकला."

मॅडमनी मग लिहिलं, वाचून दाखवलं. ल्हामोनं सही केली. तिला एकदम हलकं वाटलं. चौदा हिवाळ्यांच्या अन्नाला आपण जागलो, असं वाटलं.

"आता माझ्या भियाले आत बोलवा," ती म्हणाली. "जामीन राहाले आला तो माझा."

मॅडमनी मान वर केली नाही. "जामीन नाही बाई. तक्रार त्याचीच आहे. घरात ठेवलं त हिनं धोका देल्ला, पत्ता न विचारता टाकला, असं काल सकाळी लिहून देऊन गेला. तुम्हीही तेच बोलल्या." मग त्यांनी दाराकडे हाक मारली. "हरिसिंग राठोड, या आत. तक्रारीची पोच घेऊन जा."

हरिसिंग आत आला. ल्हामोकडे त्यानं पाहिलं नाही. तिला आधी राग आलाच नाही, लाज वाटली, आपण इतक्या खुळ्या कशा म्हणून. राग मागून आला.

त्यानं पोच घेतली, घडी घालून खिशात ठेवली. तरी त्याचा पाय निघेना. "मॅडम," त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "हिच्या बोलण्यात माझं नाव त नाही न आलं कुठी?"

"माझ्या जबाबात नाही, भिया," ल्हामोच म्हणाली. "तुझ्या तक्रारीवर हाय तेवढंच."