फाटकाबाहेरच्या पेनी

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या जुन्या बालगृहाभोवती लिंडसे धातुशोधक यंत्र फिरवत जुनी नाणी शोधत होता. याच बालगृहात वाढलेली त्याची बायको डल्सी फाटकाच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हती.

"चल ना रे, जीव घुसमटतोय माझा इथे. 'तुझी आई एकदाही फिरकली नाही,' रोज ऐकवायच्या इथल्या देखरेखीच्या बाई."

"एवढं फाटकाच्या खांबाजवळचं बघतो, मग निघू."

तेवढ्यात यंत्र किंचाळलं. खणून काढलेली तांब्याची पेनी पुसता पुसता लिंडसे थबकला.

"डल्सी... बघ गं हे."

नाण्यावरचा राजाचा चेहरा घासून टाकून कुणीतरी खिळ्याने कोरलं होतं: 'डल्सी, सहावा वाढदिवस. आत येऊ देत नाहीत. आई.'

 

दिवस मावळेपर्यंत सातव्या, आठव्या... थेट सोळाव्या वाढदिवसाचीही पेनी सापडली.