नवावर आलेली सोयरीक

"चार!" आबाजींनी पेन आपटलं. "चार म्हंजे राहू. ही सोयरीक व्हायची न्हाई."

काळेवाडीच्या त्या खोलीत पोह्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. ताटात हळदकुंकू लावलेली सुपारी होती, ती फुटायचीच काय ती बाकी होती. कुरुळीहून आलेल्या सुजितनं आपला मोबाईल नंबर सांगितला काय, त्यातल्या आकड्यांची बेरीज चारवर आली काय, सगळ्यावर पाणी!

योगिनीनं हातातला ट्रे खाली ठेवला. वडील गेल्यापासून घरात थोरल्या काकांचा, म्हणजे आबाजींचा, शब्द शेवटचा, आणि काकांचा देव एकच, नऊ. स्कूटर नवाची, फ्लॅट नवाचा. तरुणपणी त्यांचा कंपनीतला हजेरीचा टोकन नंबर नवावर आला म्हणून सासऱ्यांनी मुलगी दिली, ही गोष्ट ते प्रत्येक बारशाला सांगत. पण म्हणून सुजितला सोडायचं? छे!

"काका, तुम्ही नुसतीच बेरीज केलीत," ती पुढे सरकली. "सोयरीक दोन्हीकडून बघतात ना? मग नंबर उलटाही लिहायचा. मोठ्यातून लहान वजा करायचा आणि मग बेरीज."

"असं कुठं असतंय व्हय?"

"नव्या पद्धतीत असतं," योगिनीनं ठोकून दिलं. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होती ती, दिवसभर आकड्यांशीच खेळायची.

आबाजींनी वजाबाकी मांडली. बेरीज केली. त्या बेरजेची पुन्हा बेरीज केली. "नऊ!" ते ओरडले.

खोलीत जीव आला. पण सुजितच्या आईलाच चेव चढला. "अगंबाई, माझाही बघा की हो!" नऊ. आबाजींच्या पत्नी अंबूकाकूंनी गॅसच्या कार्डावरचा नंबर पुढे केला. नऊ! योगिनी काकांपुढचा कागद हळूच ओढू लागली. कुठलाही आकडा उलटवून वजा करा, शेवटी नऊच येणार, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. आता काकांनाही कळणार, आणि मग मेलेच.

आबाजींचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे रोखून पाहिलं. "समद्यांचे नऊ?"

योगिनी घाईघाईनं पोह्यांच्या बशा गोळा करू लागली.

"घरच शुभ हाय, दुसरं काय!" म्हणत त्यांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी फोडली.

पेढे वाटून झाल्यावर योगिनी पाया पडायला वाकली. काका तिच्या कानाशी आले.

"बावन्नातून पंचवीस गेले, सत्तावीस. दोन नि सात नऊ," ते पुटपुटले.

ती चपापली. "तुम्हाला माहीत होतं? मग मघाशी चार म्हणून अडवलंत कशाला?"

"पोरगी मनापासून तयार हाय का, ते बघाया नको? पायजेल असंल तर भांडंल, म्हनलं." त्यांनी अंबूकाकूंकडे हळूच नजर टाकली. "अन् काकूला सांगू नगंस. माझ्या टोकन नंबरची बेरीज पाच यायची, बये. तिच्या बापाला तो उलटा लिवून वजा कराया मीच लावलं हुतं."